साठ लाखांचा जावई

हसू नका असं सांगून उपयोग नाही, तुम्ही हसणारच. तेव्हा तोंडातला चहा आधी गिळून घ्या, नाहीतर ठसका लागेल. मग ऐका, भर बैठकीत माझ्या अकलेचं दिवाळं कसं निघालं ते!

मी अमरावतीत स्पर्धा परीक्षांचे क्लास घ्यायचो. शेतीचे हाल असे झाले होते की घरोघरचा पोरगा 'काहीही करतो, पण नोकरी लावा' म्हणत माझ्याकडे यायचा. त्यांच्यासाठी मी सामान्य ज्ञानाचं एक पुस्तक काढलं होतं. त्यात एक तक्ता : देश, राजधानी, चलन आणि त्या चलनाचा आपल्या रुपयाशी भाव. मागच्या कव्हरवर कोट घातलेला माझा फोटो. अहो, लेखक होतो मी!

तर माझी भाची वर्षा. अकोल्याला दवाखान्यात नर्स. तिचे आईबाबा, म्हणजे माझी बहीण आणि भाऊजी, वलगावला. वर्षाला दोन स्थळं आली. एक दर्यापूरकडचा तलाठी, दुसरा प्रशांत, इंडोनेशियात सूतगिरणीत इंजिनीअर. वर्षा प्रशांतशी दोनदा बोलली होती आणि तिचं मन तिथंच बसलं होतं. भाऊजींचं मन तलाठ्यावर.

"पोरगी समुद्रापार काहून द्याची? इथं तलाठी दारात उभा हाये!"

मग प्रशांतचा बायोडाटा आला. पगार : दरमहा साठ लाख रुपिया.

बहीण मटकन खाली बसली. भाऊजींनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "साठ लाख? हा पोरगा गिरणीत नोकर हाये का गिरणीचा मालक?"

मी हसलो. काय ते हसू! शहाण्या माणसाचं! "भाऊजी, ते तिकडचं चलन आहे. थांबा." पिशवीतून पुस्तक काढलं, तक्ता उघडला. आपल्या एका रुपयाला त्यांचे सहासष्ट रुपिये. भागाकार केला. "नव्वद हजार! महिन्याला!"

"पक्कं?"

"भाऊजी, पुस्तक माझं आहे!"

संपलं. त्याच संध्याकाळी तलाठ्याला नकार गेला. बातमी वलगावहून जीपमध्ये बसून दर्यापूरला पोचेपर्यंत नव्वदाचे दीड लाख झाले आणि प्रशांत गिरणीचा मॅनेजर झाला. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, घरापुढच्या मांडवात होणार होतं, ते भाऊजींनी अमरावतीच्या हॉलमध्ये नेलं. एका मावशीनं तर आपल्या पोराचा पासपोर्टच काढायला टाकला.

एकटी वर्षा म्हणत होती, "मामा, त्याले एकदा विचारून तं घ्या."

"पगार विचारणं बरं दिसत नाही बेटा. आणि पुस्तकात असताना विचारायचं कशाला?"

बैठकीचा दिवस. प्रशांत सुट्टीवर आलेला, त्याचे बाबा सोबत. चहा झाला, गाठीशेव झाली. भाऊजी छाती फुगवून म्हणाले, "आमच्या खानदानात पहिल्यांदा नव्वद हजारवाला जवाई येऊन राहिला!"

प्रशांतच्या बाबांनी कप खाली ठेवला. "नव्वद? नाई बावा. तीस म्हणा, तीस."

भाऊजींचा चेहरा लाल. "तीस? मंग ते साठ लाख? फसवता का आमाले?"

"कोणाले फसवलं? जे हाये तेच लिहिलं आमी!" प्रशांतचे बाबा उठले, पायात चपला घातल्या.

दाराशी उभ्या वर्षाचा चेहरा पडला. तलाठी गेला, आता हाही चालला, आणि कोणामुळे? पण गप्प बसेन तर मी कसला? पुस्तक काढलं, सगळ्यांसमोर आपटलं. "हा बघा पुरावा! छापील आहे!"

प्रशांतनं शांतपणे पुस्तक उचललं, तक्ता पाहिला. "सर, हा भाव लई जुना हाये. तिकडचं चलन केव्हाच कोसळलं. आता एका रुपयाले दोनशे रुपिये येते."

"शक्यच नाही! ही यंदाची आवृत्ती आहे!"

"कव्हर यंदाचं हाये, सर."

दरवर्षी मी साल बदलायचो, कव्हरचा रंग बदलायचो. आतलं पान कोण उघडून बघतो!

"तुमाले कसं माईत?" भाऊजींनी त्याला दरडावून विचारलं.

प्रशांत लाजला. "मी सरांच्याच क्लासात होतो ना. मागच्या बाकावर. नोकरीचं पत्र आलं तवा याच तक्त्यावर हिशोब केला अन् उड्या मारत गेलतो. पहिला पगार बदलाले गेलो, तं बँकेतल्या बाईसंग भांडलो. म्हटलं, माहे बाकीचे साठ हजार कुठं हायेत!"

आधी बहीण हसली. मग त्याचे बाबा. चपला पुन्हा काढल्या त्यांनी.

"मंग वापस काहून नाई आला?" भाऊजी अजून घुश्शातच.

"काम आवडलं. नव्या मशिनी शिकाले भेटते."

तेवढ्यात वर्षा पुढे आली. "बाबा, याचा पगार हाये, माहं नर्सिंग हाये. दोघांचं भागते. मी याच्यासंगच लगन करीन." माझी भाची! डोळे भरून आले माझे, खोटं कशाला सांगू?

भाऊजींनी एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ती नजर मी अजून विसरलो नाही. "पोरगा खरा हाये. एकाच पुस्तकानं बुडवलेली माणसं हायेत आपण सारे, एकमेकांले सांभाळून घेऊ!"

तारीख ठरली. हॉल रद्द, मांडव पक्का. निघताना वर्षानं अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मामा, तिकीट काढाच्या आधी एक सांगा. इंडोनेशियाची राजधानी जकार्ताच हाये ना अजून?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, इतक्या वर्षांचा सामान्य ज्ञानाचा लेखक, 'हो' म्हणायच्या आधी हळूच प्रशांतकडे पाहिलं.