गारखेड्याची अलेम

आमचं सिग्नल्सचं युनिट तेव्हा इथल्याच छावणीत होतं. बराकीत देशभरातली माणसं. मी नायक. हवालदार सलीम पठाण इथलाच, जवळच्या चिकलठाण्याचा. लान्स नायक तोशी नागालँडचा. त्याला क्वार्टर मिळालं नव्हतं, म्हणून तो बायकोला, अलेमला, घेऊन शहरात, गारखेड्यातल्या एका सोसायटीत भाड्यानं राहायचा. सकाळी पीटी, मग ड्यूटी, संध्याकाळी व्हॉलीबॉल. सलीम नेटवर उभा राहिला की पलीकडच्यांचं काही चालायचं नाही.

कोरोनाचे दिवस होते. एका दुपारी तोशीचा फोन वाजला. अलेम तांदूळ आणायला गेली होती. परत आली तर सोसायटीनं गेट लावून घेतलं होतं.

सुभेदार साहेबांनी गाडी दिली. "आवाज चढवायचा नाही. समझे?"

"जी, साब," म्हणून सलीम, तोशी आणि मी निघालो.

अलेम गेटबाहेर पिशवी धरून उभी होती. आत सेक्रेटरी काळे काका.

"ही चीनची. आजार आणंल," काका म्हणाले.

तोशीच्या मुठी वळल्या. सलीमनं त्याचा हात धरला.

"काका, ह्यो फौजी हाय. माझा भाऊ. त्याची बायको बाहेर, तर आमीबी बाहेर."

असं म्हणून तो वर्दीतच उन्हात खाली बसला. आम्हीही बसलो.

बऱ्याच वेळानं काळे काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. गजांतूनच त्यांनी अलेमला विचारलं, "कुठली गं तू, पोरी?"

अलेमला मराठी जेमतेम यायची. ती म्हणाली, "काकू, मी गारखेड्याची."

काकूंनी कडी काढली. काका बाजूला सरले.

पुढं अलेम काकूंकडं भाकरी थापायला शिकली. ईदला सलीमच्या घरचा शीरखुर्मा आम्ही सगळ्यांनी काकूंच्या जिन्यात बसून खाल्ला. काकांनी दुसरी वाटी मागून घेतली. असे दिवस नोकरीत लई थोडे मिळतात.

नंतर युनिट वर, बर्फात गेलं. अलेम गारखेड्यातच राहिली. एकदा टेलिफोनची लाइन तुटली. सलीम तोशीला घेऊन ती जोडायला निघाला. दुपारी वायरलेस सेटवर तोशीचा आवाज आला.

"बरफ गिरा है. पठाण साब दिख नहीं रहे. ओव्हर."

अंधार पडेपर्यंत आम्ही कोसळलेला बर्फ खणत होतो. सलीम सापडला, तेव्हा तो गेलेला होता.

चिकलठाण्याला त्याच्या मयतीला सगळी सोसायटी आली. काळे काकांनी खांदा दिला. काकू आणि अलेम त्याच्या अम्मीजवळ बसून होत्या.

मी आता रिटायर झालो. राहतो इथंच, चिकलठाण्याच्या कबरस्तानाजवळ. तोशी अजून नोकरीत आहे, लांब. अधूनमधून फोन करतो. माझी तब्येत नंतर, आधी एकच विचारतो.

"पठाण साब से मिलके आया?"

"आया," मी सांगतो. "सुबह ही गया था."