लग्न लागलेले तळे

जलरूपाने चराचरात वसणाऱ्या नारायणाला वंदन करून, आज सर्वपित्री अमावास्येच्या निमित्ताने हे लिहायला बसलो आहे. भिलाईच्या स्मृतिनगरातल्या मुलाच्या घरी सकाळी तर्पण केले. ताम्हनात नळाचे पाणी, त्यात काळे तीळ आणि दर्भ. भिजलेल्या दर्भाचा तो ओला, किंचित मातकट वास आला आणि हात थबकला. त्या वासात एक तळे होते, जे आता कोठेच नाही. आणि एक गृहस्थ होते, ज्यांचा तर्पणावर तिळमात्र विश्वास नव्हता.

ते दुर्गच्या न्यायालयात वकिली करीत. मूळचे नागपूरकडचे, लाल झेंड्याचे निष्ठावंत. मी तेथे संस्कृत शिकवीत असे आणि आमची घरे लागून होती. माझी सायंसंध्या चालली असता कुंपणापलीकडून प्रश्न येई, "काय शास्त्रीबुवा, देव आज तरी हजर आहे का?" मी म्हणे, "तो हजरच आहे. तुमचे समन्स त्याला पोचत नाही." त्यांचे हसणे मोठे निर्मळ होते. अशा मनुष्यावर रागवावे तरी कसे?

तो काळ भिलाईच्या कारखान्याच्या उभारणीचा. भाताची शेते सपाट होत होती, चिमण्या महिन्यामहिन्याने उंचावत होत्या आणि तांबडी धूळ देवघरातल्या शाळिग्रामावरही बसे. मजुरांच्या झोपड्यांलगत एका जुन्या खेड्याचे तळे होते. छत्तीसगढात तळ्याचे लग्न लावतात. मध्यभागी सरईच्या, म्हणजे सालवृक्षाच्या, लाकडाचा खांब रोवायचा, हळद लावायची, मंगलगीते म्हणायची. लग्न लागेपर्यंत त्या पाण्याने कोणतेही शुभकार्य होत नाही. या तळ्यातही तसा खांब होता, टोकावर खंड्या बसलेला. जमीन घेताना मात्र सरकारी कागदावर त्याची नोंद 'पडीक खळगा' अशी झाली, आणि खळगा बुजवायला कोण हरकत घेणार?

हरकत घेतली एका म्हातारीने. ती भंडाऱ्याकडची, नवरा रेल्वेच्या मातीकामावर आला आणि दोघे तळ्याकाठी राहिले. पुढे नवरा गेला. नागपूरला जाऊन तिने बुद्धाची दीक्षा घेतली होती. ती वकिलांच्या ओसरीवर येऊन बसली, तेव्हा मीही तेथे होतो.

"वकीलसाहेब, मले देवाधर्माचं काही सांगाचं नाही. आमच्या गावाले पाणवठ्यावर आमाले येऊ देत नव्हते. वरून कोनी ओतीन तवा घागर भरे. इथं आली त कोनी इचारलंच नाही, तू कोनाची. हे तळं गेलं त मी घागर घेऊन जाऊ कुठं?"

वकील उठून फेऱ्या मारू लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शास्त्रीबुवा, तळ्याच्या लग्नाबद्दल तुमची शास्त्रे काय म्हणतात?" मी सांगितले की हे लग्न म्हणजे उत्सर्ग, जल सर्वांसाठी सोडण्याचा विधी; तो झाला की खोदणाऱ्याचाही त्या जलावर हक्क उरत नाही; ते सर्व भूतांचे होते. त्यांचे डोळे चमकले. "अहो, हा तर आमचाच जाहीरनामा! इतकी वर्षे सोवळ्यात का दडवून ठेवलात?"

असा मी साक्षीदार झालो. विरुद्ध बाजूचे वकील हसत म्हणाले, "कॉम्रेड आज भटजीला घेऊन लग्नाला आले वाटते!" आमचे वकील शांतपणे उत्तरले, "लग्न केव्हाच लागले आहे. आम्ही सासरच्यांना समजवायला आलो आहोत." न्यायालय हसले, आणि स्थगिती मिळाली. त्या दिवशी म्हातारीने तळ्याचे ओंजळभर पाणी आणून आम्हा दोघांच्या हातांवर घातले. मी ते प्यालो. ते तीर्थच होते.

त्या खटल्याने वकिलांना नाव दिले, नावाने मते दिली. ते आमदार झाले. भोपाळला गेले, झेंड्याचा रंग आधी फिका झाला, मग बदलला, आणि एके दिवशी ते मंत्री झाल्याचे कळले. मी देवापुढे साखर ठेवली. वाटले, आता तळ्याला भय नाही.

तळे बुजवण्याच्या हुकमाला संमती त्यांचीच होती. कारखाना वाढत होता, रुळांना जागा हवी होती. ते पाहणीला आले, तेव्हा म्हातारी गर्दीतून वाट काढीत पुढे गेली.

"काऊन वकीलसाहेब, तळं बुजवून राहिले म्हनते?"

"आजी, नळ येणार आहे. तळ्याचे गढूळ पाणी किती दिवस पिणार? देश पुढे जातो आहे."

"नळ कोनाच्या दारात रायीन?"

त्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिले. अधिकाऱ्याने मोटारीचे दार उघडले.

क्रेनने खांब उपटला. पाण्याखालचा भाग लोखंडासारखा काळा आणि अभंग होता. मग राख आणि माती पडत राहिली. नळही आला, दिलेल्या वचनाप्रमाणे. तो झोपड्यांच्या दुसऱ्या ओळीतल्या एका दारापुढे बसला. पहिल्याच सकाळी कोणीतरी म्हातारीची घागर पायाने रांगेबाहेर सरकवली. तिने ती उचलली, पदराने पुसली आणि रिकामीच घेऊन गेली. पुढच्या उन्हाळ्याआधी तिची झोपडी मोडलेली दिसली. ती कोठे गेली, कोणाला सांगता आले नाही.

मंत्रिपद सरकारबरोबर गेले. वकील परतले, पण काळा कोट पुन्हा चढवला नाही. एकदा मी तिची हकीकत सांगितली. ते कुंपणाची कामटी नखाने सोलू लागले. "मला खरेच वाटले होते, शास्त्रीबुवा," ते म्हणाले, "की पाणी नळात शिरले की जात गळून पडेल." त्यानंतर देव हजर आहे का, हे त्यांनी मला कधीच विचारले नाही. 

तर्पणात एक ओंजळ आप्त नसलेल्यांसाठीही असते. आज ती मी त्या दोघांसाठी, आता हयात नसलेल्या वकिलांसाठी आणि त्या म्हातारीसाठी, सोडली. पाणी ताम्हनात पडले, सुनेने ते मोरीत ओतले. सर्व भूतांचे म्हणून सोडलेले जल आता कोठे पोचते, मला ठाऊक नाही. वाचका, तुझ्या घरी पाणी अखंड राहो, मुलेबाळे तृप्त असोत. आणि तुझ्या दाराशी आलेली घागर भरूनच परत जावो.