सत्तर अंशांचा भरवसा

खदीजा मुकरी एकदा ‘नाही’ म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी तिचं ‘हो’ व्हायचं नाही. रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात ती जंतू तपासायची, मी स्टोअर सांभाळायचो. उरणहून एसटीने यायची, डब्यातली सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची चटणी अख्ख्या टेबलाला वाटायची आणि कामात चूक दिसली की त्याच माणसांची सालं काढायची. घरात कमावती ती एकटीच.

आम्ही गरम झऱ्यातले जंतू मोठ्या टाकीत वाढवायचो. कापडावरची खळ काढणारं एन्झाइम त्यांच्यापासून मिळायचं. साठ अंशांवर ते मजेत वाढत. सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात एका सकाळी टाकीतलं गढूळ पाणी निवळून गेलेलं दिसलं. विषाणूने सगळे जंतू फोडून टाकले होते.

विषाणू मरावा म्हणून टाकीला वाफ देत, पण रबरी नळ्यांना वाफ सोसत नसे. त्या सत्तर अंशांच्या पाण्याने धुवायच्या, हा नियम खदीजाचा. मागे हाच विषाणू आला तेव्हा तिने तो तेवढ्या उष्णतेत मारून दाखवला होता. त्यामुळे मॅनेजरसाहेबांनी थेट नळ्या धुणाऱ्या किसनला धरलं. किसन दिघ्याचा, कंत्राटावरचा.

“पाणी तापवलंच नसशील तू.”

“सत्तर होतं साहेब. काटा बघूनच सोडलं आमी.”

साहेब खदीजाकडे वळले. “सत्तरला काही उरतं?”

“नाही,” ती म्हणाली.

उद्या सकाळी गेटपास जमा कर, असं साहेबांनी किसनला तिथेच सांगितलं. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला.

दुपारी ती स्टोअरमध्ये चहाला आली. नळ कोरडा, म्हणून किटलीत टँकरचं पाणी. किटलीच्या तळाला पांढरी खपली धरली होती. ती नखाने खरवडता खरवडता थांबली.

“नळ्या कुठल्या पाण्याने धुतात रे?”

“ह्याच. दुसरं आहे कुठे?”

चहा तसाच टाकून ती लॅबकडे धावली. तिने विषाणू मारला होता तो क्षार नसलेल्या डिस्टिल्ड पाण्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला दोन काचेच्या बश्या दाखवल्या. दोन्हींत जिवंत जंतूंचा थर. एकीवर डिस्टिल्ड पाण्यात तापवलेला विषाणू टाकलेला, दुसरीवर टँकरच्या पाण्यात तापवलेला. पहिली बशी साबूत होती. दुसरीतल्या थराची विषाणूने चाळण केली होती.

“विषाणू म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांची बंद डबी,” ती म्हणाली. “तापलं की तुकडे सुटतात. पण टँकरच्या जड पाण्यातले क्षार त्यांना आवळून धरतात. मग सत्तरलाही डबी उघडत नाही.”

“हे सांगितलंस तर नोकरीवर येईल तुझ्या,” मी म्हणालो. मला खरंच भीती वाटली.

ती बश्या घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली. गेटपास टेबलावर ठेवून किसन उभाच होता.

“नियम माझा चुकला, साहेब. किसन खरं बोलत होता.”

साहेबांनी बश्या पाहिल्या, तिला चार शब्द सुनावले आणि नळ्यांची तपासणी तिच्याकडून काढून घेतली. मग म्हणाले, “किसन, मॅडमचे आभार मान.”

“कशाचे? काल माज्या तोंडावर नाही म्हणाल्या त्या.”

“हो,” खदीजा म्हणाली. “म्हणाले.”

त्याने गेटपास उचलला आणि कामाला गेला.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन त्याच्यापाशी गेली. चटणी पुढे केली. त्याने मान हलवून नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे कारखाना कायमचा बंद पडेपर्यंत ती रोज आधी त्याच्यापुढे डबा न्यायची, आणि मग आमच्याकडे.