पेटीतली सुसाना

सुसानाचा आवाज असा, की नवापूरच्या बाजारात तिनं नुसता वांग्यांचा भाव विचारला तरी विकणारी तागडी हातात धरून बघत राहायची. डोंगरातल्या तिच्या पाड्यावर मात्र त्याचं फारसं कौतुक नव्हतं. तिथं गाणं एकट्याचं नसतंच मुळी. एकानं ओळ सोडायची, बाकीच्यांनी ती झेलायची, आणि झेलून होईस्तोवर सोडणाऱ्यानं गप्प राहायचं. गाव करील ते राव काय करील, असा सगळा मामला.

तिचा बाप रेंग्या प्रार्थनाघरात ओळ सोडायचा. येशूची गाणी त्यानं आपल्याच बोलीत, लग्नातल्या नाचाच्या चालींवर बांधली होती. घरी संध्याकाळी तो सोडायचा आणि बायको बुधीबाई झेलायची. तो गेला तेव्हा सुसाना लहान पोर होती, पण त्याच संध्याकाळी ती बापाच्या जागेवर जाऊन बसली. पुढे बुधीबाईचे डोळे गेले. शेत दिराच्या हाती गेलं, बाजार सुटला, शेजारणींकडची ऊठबस सुटली. संध्याकाळचं गाणं तेवढं राहिलं.

मग सुसानाचं लग्न ठरलं, थेट शहाद्याच्या एका कंपाउंडरशी. मुलगा भला होता, सासूलाही घेऊन चला म्हणाला. पण जावयाच्या घरचं अन्न रोज खायचं म्हणजे बुधीबाईला मेल्याहून मेल्यासारखं. इथंच घोडं पेंड खात होतं. रविवारी प्रार्थनेला माणसं भेटत, ते ठीक. पण रोज संध्याकाळी आंधळ्या बाईच्या ओसरीवर ओळ सोडायला कोण येऊन बसणार? तूच सोडत जा, असं सुसानानं सुचवून पाहिलं. म्हातारी हसली.

"मी जन्मात कधी आधी गायले नाही," ती म्हणाली.

अशात प्रार्थनाघर चालवणारे होळ्या मास्तर बातमी घेऊन आले. साल होतं एकोणीसशे अठ्ठावन्न. फितीवर आवाज धरणारे एक साहेब नवापुरात उतरले होते आणि त्यांना डोंगरातल्या बोलीत देवाची गाणी हवी होती. चार गाण्यांच्या दोन तबकड्या निघणार, आणि गाणाऱ्याला त्या वाजवायला चावीचा बाजा, म्हणजे ग्रामोफोनची पेटी, फुकट. सुसाना ऐकता क्षणी तयार झाली. लोकांनी नाकं मुरडली, पोरीला नावाची हौस आली म्हणाले. हौस कसली! तिला आईसाठी ओळ सोडणारं कुणीतरी मागे ठेवून जायचं होतं.

साहेब उतरले होते त्या बंगल्यातल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या बांधल्या, अंगणातले कोंबडे हाकलले आणि सुसानाला यंत्रासमोर उभं केलं. "धन्या, अंधार पडला, दार लावू नको," अशी तिनं पहिली ओळ सोडली आणि ती थांबली. मनातल्या मनात आईला ती ओळ पुरती झेलू दिली, मगच दुसरी सोडली. साहेबांनी यंत्र बंद करून विचारलं, विसरलीस का? नाही, ती म्हणाली, तिथं माझी आई गाणार आहे. साहेब हसले आणि त्यांनी मान डोलावली. डोंगरात मान डोलावली की शब्द दिला; वर कागद नको, साक्षीदार नको. साहेबलोकांची मान नुसत्या कौतुकानंही डोलते, हे तिला कोण सांगणार? चारही गाणी ती तशीच, थांबत थांबत गायली.

लग्नाच्या तोंडावर तबकड्या आल्या. पाडा ओसरीवर जमला. होळ्या मास्तरांनी चावी दिली, सुई टेकवली आणि पेटीतून सुसाना गाऊ लागली. बुधीबाई मांडी ठोकून तयारच होती. पहिली ओळ संपली, तिनं तोंड उघडलं, आणि पेटीतली सुसाना दुसऱ्या ओळीवर गेलेली. म्हातारीनं दुसरी धरू पाहिली, तीही निसटली.

"थांब गं जरा," ती पेटीला म्हणाली.

पेटी कशाची थांबते! लोक माना डोलवत होते. सुसानानं बोटानं तबकडी अडवून पाहिली, तर तिचाच आवाज रेड्यासारखा घोगरा झाला. होळ्या मास्तरांनी मोठ्या आनंदानं सांगितलं, की साहेबांनी मधल्या रिकाम्या जागा कापून टाकल्या, म्हणून तर सगळी कडवी मावली.

राग धरावा तर कुणावर? साहेबांनी आपल्या परीनं काम निगुतीनंच केलं होतं. पुन्हा गाते म्हणून तिनं मास्तरांकडे गयावया केली; पण साहेब केव्हाच दुसऱ्या डोंगरात, दुसऱ्या बोलीच्या मागे गेले होते. आईची जागा कुठल्याशा खोलीत केरासोबत झाडली गेली होती. लग्न तर दारात येऊन ठेपलेलं. निघण्याआधी सुसानानं आईला चाचपून सुई ठेवायला शिकवलं. दुसरं देण्यासारखं होतंच काय तिच्याजवळ? एसटीच्या पायरीशी ती मागे वळून उभी राहिली, तेव्हा कंडक्टर अहिराणीत म्हणाला, "चाल वं बहीण, गाडी निंघी ऱ्हायनी."

तबकड्या गाजल्या. नाताळात गावोगाव त्या वाजायच्या, आणि शहाद्यात सुसाना आपल्या बोलीचा शब्द कानावर पडावा म्हणून झुरायची. आधी सासूचं आजारपण, मग बाळंतपण, अशी दोन वर्षं गेली तेव्हा कुठं तिला माहेर दिसलं.

त्या संध्याकाळी तिनं बाजा मुद्दाम फडक्यानं झाकून ठेवला, बापाच्या जागेवर बसली आणि ओळ सोडून थांबली. बुधीबाईनं ती झेललीच नाही. ती थेट दुसऱ्या ओळीवर गेली, मग तिसरीवर, पेटीतली सुसाना जिथं श्वास घ्यायची नेमका तिथंच श्वास घेत. जन्मात कधी आधी न गायलेली बाई भरधाव पुढे निघाली होती. सुसाना मागून ओळ धरायला गेली, पण तिला ती सापडेना. कडवं संपल्यावर म्हातारीनं हात पुढे करून लेकीचा चेहरा चाचपला.

"दमलीस का गं?" तिनं विचारलं. "पेटीतली तू थांबत नाहीस."

ती थांबायची जागा तुझीच होती आई, हे आता कसं सांगणार, आणि सांगून तरी काय उपयोग!

"हो, दमले," सुसाना म्हणाली. मग तिनं बाज्यावरचं फडकं काढलं आणि आपल्याच हातानं चावी दिली.