सायलेन्सरताई

आमच्या रस्त्यावर तिला सगळे सायलेन्सरताई म्हणायचे. तोंडावर नुसतं ताई. ती गाड्यांचे सायलेन्सर बनवायची आणि स्वतःही कामापुरतंच बोलायची, त्यामुळे ते नाव दोन्ही बाजूंनी चपखल बसलं होतं. माझं टायरचं दुकान त्यांच्या वर्कशॉपच्या बरोबर समोर. एकतीस वर्षं मी तिला काम करताना पाहिलं, म्हणून हे सांगायचा थोडाफार हक्क मला आहे. सांगताना लाजही वाटते. ती का, ते ओघात येईलच.

वर्कशॉप तिच्या वडिलांचं. त्यांना दोनच मुलं, ही थोरली आणि एक धाकटा. वेल्डिंगच्या धुराने धाकट्याचा दमा उसळायचा, म्हणून तो लहानपणापासून पुढच्या खोलीत, टेबलामागे. ताई लग्न होऊन गेली होती, ती दोन वर्षांत परत आली. का आली ते कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. चौथ्या दिवशी वडिलांनी तिच्या हातात वेल्डिंगची काच दिली. म्हणाले, "घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा इथे नळ्या मोज."

तिने मोजल्या. पाच वर्षांत ती वडिलांच्या पुढे गेली, आणि हे वडीलच सांगायचे, तेही गिऱ्हाइकासमोर. पण ते वारले आणि कागद उघडले, तेव्हा दुकान धाकट्याच्या नावावर निघालं. ताईबद्दल एकच ओळ होती: तिला तिच्या हयातीत काम करू द्यावं. एखादं जुनं मशीन विकू नका म्हणून सांगावं, तशी. तिने ती ओळ वाचली, कागद आईकडे दिला आणि मागे जाऊन अर्धवट राहिलेला सांधा पुरा केला.

धाकटा वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. गोड बोलायचा, माझ्या अडीअडचणीला धावायचा. पण दुकानात येणाऱ्या पोरांना गाडीचा आवाज हवा असायचा, गल्ली दणाणली पाहिजे असा. धाकटा त्यांना हो म्हणायचा आणि ताई मागून म्हणायची, "गाडी ओरडली म्हणजे पळाली असं नसतं." ती पोरं मग दुसऱ्या दुकानात जायची. यावरून बहीणभावात नेहमी धुसफूस.

अशात एके दिवशी तो पिकअपवाला आला. कोंबडीची एक दिवसाची पिल्लं पेट्यांत भरून डोंगरापलीकडच्या शेडवर पोचवायची, हे त्याचं काम. गाडी आमच्या कोपऱ्यावर वळली तेव्हाच मी हातातली पान्यांची पेटी खाली ठेवून पाहिलं, इतका तिचा गोंगाट.

"चढावर दम टाकते," तो ताईला सांगत होता. "एकाने सांगितलं, सायलेन्सर काढून टाक, गाडी मोकळा श्वास घेईल. काढला. आता आवाजाने माझं डोकं फुटतं, आणि चढावर गाडी तिथल्या तिथेच."

"आणि पिल्लं?" ताईने विचारलं.

"घाबरतात. सगळी पेटीच्या एका कोपऱ्यात चढतात, एकमेकांच्या अंगावर. खालची गुदमरतात. परवा पोचलो तेव्हा दोन पेट्यांत हलणारं फारसं काही नव्हतं."

ताई खाली सरपटली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, तर कोपरापर्यंत काजळी.

"नळी वाकवलेली नाही, चेपलीय," ती म्हणाली. "प्रत्येक वळणावर आतून निम्मी झालीय, धूर तिथे अडतो. टर्बोजवळचा सांधाही गळतोय. सायलेन्सर काढून आवाज तेवढा वाढला, अडथळा होता तिथेच राहिला. आणि तुमच्या गाडीची चासी, खालचा सांगाडाच, मागे वाकलीय. कुठे धडकली होती?"

"मी घेतली तेव्हापासून तशीच आहे."

"चार दिवस लागतील."

धाकट्याने टेबलावरून मान वर केली. "चार दिवस? ताई, एका सायलेन्सरला?"

"चार," ती म्हणाली.

ते चार दिवस मी दुकानातून उठून उठून बघायला जायचो. नळी वाकवली की चेपते, म्हणून तिने वाकवलीच नाही. मूळच्यापेक्षा थोडी रुंद, अडीच इंची नळी घेतली, तिचे कलिंगडाच्या फोडीसारखे तिरके तुकडे कापले आणि ते एकाला एक जोडत वळण तयार केलं. आतून हात फिरवला तर कुठे खळगा नाही. धूर गाळणारा कंपनीचा डबा तिने तसाच ठेवला. त्यापुढे स्वतः बनवलेला सायलेन्सर. आत सरळ जाणारी भोकाभोकांची नळी, तिच्याभोवती आधी स्टीलची लोकर, मग काचेची, घट्ट भरलेली. धूर सरळ निघून जातो आणि आवाज त्या भोकांतून लोकरीत मुरतो.

तरी केबिनमध्ये एक घुमारा राहिला होता, ठरावीक वेगाला कानात बसणारा. त्यासाठी तिने बाजूला एक आंधळी नळी जोडली, म्हणजे टोकाला बंद असलेली. त्या नळीत शिरलेला आवाज टोकाला आपटून उलटा येतो आणि येणाऱ्या आवाजालाच मारतो, असं तिने मला समजावलं होतं. लांबी मात्र अचूक लागते. तिने पाच फुटांपासून सुरुवात केली. थोडी कापायची, टोक बंद करायचं, गाडी फिरवून आणायची, पुन्हा कापायची. साडेचार फुटांवर घुमारा गेला.

मागच्या बाजूला चासी वाकलेली, त्यामुळे नळी सरळ जाईना. तिथे तिने एक नागमोडी वळण दिलं आणि त्या वाकलेल्या भागालाच एक जास्तीचा हँगर लावून नळी टांगली. सगळी मापं आपल्या निळ्या वहीत लिहिली. ती तिची सवयच होती.

पाचव्या दिवशी पिल्लांच्या भरल्या पेट्या घेऊन गाडी निघाली आणि ताई मागे पेट्यांमध्ये बसून गेली. पिकअपवाल्याने नंतर मला सांगितलं, अर्ध्या चढावर तो गिअर न बदलता चालला होता आणि मागून काही हाक नाही, म्हणून त्याने गाडी थांबवून पाहिलं. ताई एका पेटीचं झाकण वर करून बसली होती. पिल्लं सगळ्या पेटीभर पसरून निवांत. ती म्हणाली, "थांबलात का? चालू द्या की." त्या दिवशी एकही पिल्लू गेलं नाही.

महिन्याभरात पिल्लांच्या कंपनीचा मॅनेजर आमच्या रस्त्यावर आला. त्यांच्याकडे अशा चाळीस पिकअप होत्या. ताई त्या दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. धाकट्याच्या पुढच्या खोलीत रंगकाम चाललं होतं, म्हणून तो मॅनेजरला माझ्याकडे घेऊन आला. मी बाकावरचे टायर हलवून जागा करून दिली, दोन खुर्च्या दिल्या. बोलता बोलता धाकटा उठून गेला आणि निळी वही घेऊन आला. मॅनेजरने माझ्या बाकावर वही पसरून एकेका पानाचे फोटो काढले.

तो गेल्यावर मी धाकट्याला विचारलं, "ताईला सांगितलंयस?"

"सांगेन ना. घरातलंच आहे."

मी मूग गिळून बसलो. संध्याकाळी ताई आली, माझ्याकडे पाहून नेहमीसारखी हसली. मी टायरला हवा भरत राहिलो.

धाकट्याने तिला एवढंच सांगितलं की चाळीस गाड्यांचं काम येणार आहे. ती खूश झाली. मागची खोली तिने झाडून काढली, नळ्या ठेवायला भिंतीला लोखंडी घोड्या ठोकल्या, मला म्हणाली, "भाऊ, महिन्याला पाच गाड्या केल्या तरी आठ महिने निघतील." एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून क्वचित ऐकलं असेल. दोन महिने गेले, चार गेले. गाड्या काही येईनात. दरम्यान पुढच्या खोलीला नवी फरशी लागली, गाडी उचलायची लिफ्ट आली. ताईला वाटलं, ही कामाचीच तयारी.

सहाव्या महिन्यात तो पिकअपवाला आपल्या एका सोबत्याची गाडी घेऊन आला. "ताई, तुमच्या त्या चाळीस गाड्यांतली ही एक. जरा बघा, मागे खडखडते."

"माझ्या कुठल्या?"

"म्हणजे? तुमचंच काम ना. तिकडच्या कारखान्यात एकदम चाळीस बनवले म्हणे."

ताई गाडीखाली गेली. मीही वाकून पाहिलं. तीच अडीच इंची नळी, तीच साडेचार फुटांची आंधळी नळी. आणि मागे तेच नागमोडी वळण. या गाडीची चासी मात्र काठीसारखी सरळ होती. वळणाचं तिथे कामच नव्हतं. ज्या वाकलेल्या भागाला जास्तीचा हँगर लावायचा तो भागच नसल्याने नळी तिथे लोंबकळत होती, आणि वळणाच्या सांध्याला केसाएवढी चीर गेली होती.

ती बाहेर आली, हात पुसले, पुढच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"वही कोणाला दिलीस?"

"दिली नाही. दाखवली." धाकट्याने समोरचे कागद सारखे केले. "ताई, चाळीस गाड्या तू एकटी कधी केल्या असत्यास? त्यांना घाई होती. दुकानाचं भलं झालं ना? ही लिफ्ट तुझ्याच कंबरेसाठी घेतली."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असतीस."

ती परत गाडीखाली गेली. त्या गाडीचं वळण तिने कापलं, सरळ नळी जोडली, गाडी पाठवून दिली. मला वाटलं, आता हे इथेच मिटलं. पण महिन्याभरात एकेक करून गाड्यांच्या नळ्या त्याच जागी तडकू लागल्या. दोन गाड्यांची नळी तर तुटून रस्त्याला घासली आणि त्या ऐन चढावर पिल्लांसकट उभ्या राहिल्या. कंपनीने धाकट्याला जाब विचारला आणि धाकट्याने लेखी उत्तर दिलं: डिझाइन माझ्या बहिणीचं आहे, दोष तिचा.

मग कंपनीचं पत्र ताईला आलं. त्यावर तिचं पूर्ण नाव होतं. एकतीस वर्षांत दुकानाच्या पाटीवर, पावतीवर, कुठल्याही कागदावर जे कधी आलं नाही ते नाव, दोषाच्या पत्रावर नीट टाइप केलेलं.

कंपनीच्या ऑफिसात मी तिच्याबरोबर गेलो. मॅनेजरने टेबलावर फोटो मांडले.

"हे वळण कशासाठी?"

"त्या एका गाडीची चासी वाकलेली होती. तिच्यासाठी."

"मग तसं लिहायचं नाही का?"

"वही माझ्यासाठी होती," ताई म्हणाली. "मला माहीत होतं."

"तुमच्या भावाने तर सांगितलं, सगळ्या गाड्यांना हेच लागतं."

"त्याने आयुष्यात एकदा गाडीखाली जाऊन पाहिलं असतं तर त्याने असं सांगितलं नसतं."

मॅनेजरला तिचं पटलं असावं. पण त्याला वरती कागद द्यायचा होता, आणि कागदावर एक नाव तयार होतं. यापुढे या बाईंचं काम घेऊ नये, असा शेरा त्याने आमच्या समोरच लिहिला. वर म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका."

परत येताना मी गाडी बाजूला घेतली. राहवेना. "ताई, ते फोटो माझ्या दुकानात काढले. माझ्या बाकावर. मी तेव्हा होतो तिथे."

"दिसलं मला," ती म्हणाली. "फोटोत तुमचं बाक आहे. चला, आई वाट बघत असेल."

तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

घरी आईने तिची समजूत काढली ती अशी: "भाऊ आहे तो. त्याला बायकोपोरं आहेत. तू एकटी, तुला नाव घेऊन काय करायचंय?" धाकटाही आला. म्हणाला, "कोणाचं तरी नाव द्यावंच लागलं असतं ताई. तुझं काय जातंय? तुला कुठे दुकान चालवायचंय."

दुसऱ्या दिवशी तिने आपली काच आणि हातमोजे पिशवीत भरले. निळी वही मागितली. धाकटा म्हणाला, ती दुकानाची आहे. तिने दुसऱ्यांदा मागितली नाही. शटरपर्यंत आई आली होती, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी पोरगी नेमकी कुठल्या दिशेला गेली ते तिला दिसलं की नाही, कोण जाणे.

आता त्या दुकानात दणदणीत आवाजाचे सायलेन्सर लागतात. गर्दी बरी असते. धाकटा अजून माझ्याशी गोड बोलतो, मी अजून त्याच्याकडचा चहा पितो.

ताई बस डेपोत लागली, ठेकेदाराकडे, सीटच्या सांगाड्यांना वेल्डिंग करायला. अर्जात अनुभवाचा दाखला मागितला होता. तो भावाने लिहून द्यायचा, म्हणून तिने तो रकाना कोरा ठेवला. त्यामुळे बावन्नाव्या वर्षी तिला नवखी म्हणून घेतलं, सगळ्यात खालच्या हुद्द्यावर.

मागच्या आठवड्यात ती मला डेपोच्या फाटकाशी भेटली. मी विचारलं, "कसं चाललंय?"

"चाललंय. पहिले तीन महिने ट्रेनिंग आहे."

"कसलं ट्रेनिंग?"

"वेल्डिंगचा टॉर्च कसा धरायचा, त्याचं."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. तीच म्हणाली, "धरते त्यांना हवा तसा," आणि पाळीची घंटा झाली म्हणून आत गेली.