पांढऱ्या फितीचा क्रॉस

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात लोखंडी दरवाजे बनवणारं एक वर्कशॉप आहे, तिथे मी स्टोअरकीपर आहे. बिजागऱ्या, बोल्ट, रंगाचे डबे, काय कुठल्या रॅकवर आहे ते मी न बघता सांगतो. गाव चिपळूणजवळ. बायको तिथेच असते, मुलगी लग्न होऊन नाशिकला. मी शहरातल्या रोल्ला भागात एका खोलीत तिघांबरोबर राहतो. तिघंही केरळचे. माणसं चांगली आहेत, पण आपसात मल्याळम बोलतात आणि माझ्याशी बोलायचं झालं की हिंदी शब्द शोधत बसतात. त्यामुळे हळूहळू बोलणंच कमी झालं.

काही वर्षांपूर्वी कंपनीनं जर्मनीहून एक मोठं कटिंग मशीन आणलं आणि त्याच्याबरोबर एक वयस्क इंजिनिअर आले. सहा महिन्यांसाठी आले होते, तीन वर्षं राहिले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. दुपारी ते डबा घेऊन स्टोअरमध्ये यायचे, कारण आमच्याकडचा एसी बरा होता. दोघांचंही इंग्रजी मोडकं, म्हणून कुणालाच संकोच नव्हता. मी त्यांना सुकटीची चटणी खाऊ घातली, त्यांनी मला आंबट काळा पाव.

जायच्या दोन दिवस आधी त्यांनी मोबाईलवर एक जुना फोटो दाखवला. गणवेशातला माणूस, जाड मिशा, छातीवर एक क्रॉस. त्यांचे पणजोबा. घरात सांगत असत की १८७० सालच्या फ्रान्सबरोबरच्या लढाईत ते घोड्यावरून थेट तोफांवर चालून गेले आणि त्याबद्दल त्यांना हा क्रॉस मिळाला.

"तुम्ही याद्यांतला माणूस," ते हसून म्हणाले, "बघा सापडतात का."

फोटो पाठवून ते गेले. त्यानंतर दुपारचा डबा मी एकटाच खायला लागलो.

पहिल्या आठवड्यातच कळलं की त्या काळी तिकडच्या सैन्याच्या छापील याद्या निघत. प्रत्येक अधिकाऱ्याचं नाव, पलटण, हुद्दा आणि नावापुढे पदकांच्या बारीक खुणा. त्या नेटवर फुकट बघायला मिळतात. पण अक्षर जुनं, काटेरी. त्यात एस आणि एफ सारखेच दिसतात. मी वहीत एकेक अक्षर गिरवलं, शाळेत गिरवायचो तसं. महिनाभरात ओळी सुटायला लागल्या आणि लक्षात आलं, हे तर आपलंच स्टॉक रजिस्टर. कोण कधी आला, कुठून कुठे हलला, कधी यादीतून गेला. शुक्रवारी सुट्टी, सकाळी खोलीतले तिघं बाहेर पडले की मी खाटेवर लॅपटॉप उघडून बसायचो.

चार महिन्यांत पणजोबा सापडले. घोडदळात होते, क्रॉसही होता, तोफांवरचा हल्लाही पलटणीच्या इतिहासात छापलेला. मला इतका आनंद झाला की मी उठून दार उघडलं. पॅसेजमध्ये कुणीच नव्हतं. चहा करून प्यायलो आणि पुढचं पान वाचलं. हा माणूस त्याच हल्ल्यात जखमी होऊन आठवड्याभरात मेला होता, चोविसाव्या वर्षी, अविवाहित. फोटोतला माणूस पन्नाशीचा. आडनाव तेवढं एक. चार महिने मी भलत्याच माणसाच्या मागे होतो. तो चोवीस वर्षांचा पोरगा दिवसभर डोक्यातून गेला नाही. त्याचा पणतू कोण होणार, त्याला शोधायला कोण येणार.

एकदा व्हिडिओ कॉलवर बायकोला मागे पसरलेले कागद दिसले. आमचा फोन ठरलेला असतो, जेवलात का, पाणी आलं का, गुडघा कसा आहे. त्या दिवशी तिनं विचारलं म्हणून मी सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"अहो, तुमच्या पणजोबांचं नाव काय?" तिनं विचारलं.

मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी गावच्या चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, काय की, शेतीच करत असणार. आमच्याकडे कुणी यादी केली नव्हती. त्यानंतर महिनाभर मी लॅपटॉप उघडला नाही. पण शुक्रवार तेवढाच लांब राहिला, म्हणून पुन्हा बसलो.

खरे पणजोबा सापडायला आणखी वर्ष गेलं. लढाईच्या काळात ते सरहद्दीच्या अलीकडे, पुरवठ्याच्या कोठारावर होते. पीठ, ओट, घोड्यांचे नाल, चामड्याचे पट्टे. तोफेचा आवाजही तिथवर पोचला नसेल. मग मी फोटो मोठा करून पाहिला. क्रॉसची फीत पांढरी आणि कडा काळ्या. लढणाऱ्यांची फीत काळी असे आणि कडा पांढऱ्या. पांढरी फीत मागे राहून काम केलेल्यांसाठी. रंग इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता, मला वाचता येत नव्हता.

कोठारावरचा माणूस म्हणून मला तो एकदम जवळचा वाटला. पण इंजिनिअरना कसं सांगायचं? त्यांच्या घरातली एकमेव शौर्याची गोष्ट होती ती. सापडले नाहीत असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. शेवटी दोन आठवड्यांनी मी सगळं लिहिलं, जे कागदावर होतं तेवढंच.

उत्तर आलं नाही. तीन आठवडे गेले. मला वाटलं, होता तो एक माणूसही मी घालवला.

मग एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"ती पांढरी फीत मी लहानपणीच पाहिली होती," ते म्हणाले. "आईच्या डब्यात होती. पण वडील पाहुण्यांसमोर मला तोफांची गोष्ट सांगायला लावायचे. मी सांगायचो. घरात खरं कुणी बोललं नाही, आणि आता बोलायला कुणी उरलं नाही. ते कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, असं वाटत होतं."

मी विचारलं, आधीच का नाही सांगितलंत? दोन वर्षं गेली माझी. थोडा राग होताच माझ्या आवाजात. ते म्हणाले की तुम्ही खरंच शोधाल असं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, पुढे काय झालं पणजोबांचं? मी सांगितलं की कितीतरी वर्षं एकाच हुद्द्यावर राहिले, आणि एका वर्षी यादीत नाव नाही. निवृत्त झाले की गेले, ते यादी सांगत नाही. त्यावर ते म्हणाले की म्हातारपणी पणजोबा रोज सकाळी रेल्वे स्टेशनवर जाऊन मालगाडीचे डबे मोजायचे आणि घरी येऊन आकडा सांगायचे. आजी ते आठवून हसायची. मी ते वहीत शेवटच्या ओळीखाली लिहून ठेवलं.

आता सणावाराला मी त्यांना फोन करतो. कधी उचलतात, कधी नाही. शुक्रवारी अजून बसतो. सध्या त्याच कोठारावरचा दुसरा एक अधिकारी धरलाय, पणजोबांच्या पुढचं नाव. त्याच्याबद्दल मला कुणी विचारलेलं नाही.