तंबाखूच्या चंचीतलं कार्ड

१९८७ साली निपाणीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात जया कांबळेला नोकरी लागली. तिची आई पारूबाई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. जयानं बेळगावात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता.

दवाखान्याचे डॉक्टर शिंत्रे फ्रान्सहून एक यंत्र आणि पन्नास कार्डं घेऊन आले. आज आपण ज्यांना स्मार्ट कार्ड म्हणतो, तशीच. प्रत्येकावर नखाएवढी सोनेरी चिप. रोग्याचा रक्तगट, चालू औषधं, न सोसणारी औषधं, सगळं तिच्यात ठेवायचं. वखारीतल्या बायकांच्या चिठ्ठ्या धुण्यातच जायच्या, म्हणून ही खटपट.

यंत्र कॉम्प्युटरला जोडणारा प्रोग्रॅम लिहायचा तो जयानं. पण माहितीपुस्तक फ्रेंचमध्ये! बेळगावच्या कॅम्प भागातल्या मिशनच्या शाळेत फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या एका सिस्टरकडे ते समजून घ्यायला ती सात रविवार एसटीनं गेली.

"चाळीस वर्षं फ्रेंच शिकवलं," सिस्टर हसून म्हणाल्या, "पण इतकं रूक्ष पहिल्यांदाच वाचतेय."

पाच महिन्यांत प्रोग्रॅम तयार झाला आणि बायकांना कार्डं वाटली. पहिल्याच आठवड्यात यंत्र निम्मी कार्डं वाचेना. जयानं प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली, चूक सापडेना. अशात वखारीतली तानुबाई आली. तिनं कनवटीची चंची सोडली आणि आतून कार्ड काढलं. जयानं चिपवर बोट फिरवलं. बोटाला तंबाखूची भुकटी लागली. ओढणीनं पुसल्याबरोबर यंत्रानं कार्ड वाचलं.

"मावशी, कार्ड चंचीत ठेवताय व्हय?"

"मग कुठं ठिवू? तिथनं काय बी हरवत न्हाय बघ."

चंची काही सुटणार नाही, हे जयाला घरूनच ठाऊक. तिनं प्रोग्रॅमच बदलला. कार्ड वाचता आलं नाही की तो आणखी तीनदा बघायचा, आणि मग पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ यायची : 'कार्ड पुसून परत घाला.'

पुढच्या वर्षी डॉक्टर शिंत्रे परगावी असताना तानुबाई तापानं फणफणून आली. बदलीच्या डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन भरायला घेतलं. इकडे जयानं कार्ड पुसून यंत्रात घातलं.

"डॉक्टर, थांबा! हिला पेनिसिलिन चालत नाही."

त्यांनी पडद्यावर वाचलं, सुई बाजूला ठेवली आणि दुसरं औषध दिलं. चौथ्या दिवशी तानुबाई कामावर हजर झाली.

त्या संध्याकाळी पारूबाई हसतच घरात शिरली.

"बायका इचारत्यात, तुझी लेक डागदरीण झाली काय गं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, न्हाय बाई. डागदराला थांबिवती, एवढंच."

दोघी किती तरी वेळ हसत राहिल्या. नवी कार्डं पुढं कधी आली नाहीत. होती ती मात्र जयानं झिजेपर्यंत चालवली, आणि बेळगावहून चांगल्या नोकरीचं बोलावणं आलं तरी ती निपाणीतच राहिली.